जर्मनीतली किरकिर: व्हिसा-पीआर सोडून जे काही छळतं ते इथे लिहा

मोहरी_जिरं (धागाकर्ती)
ब्ल्यू कार्ड (नोकरीसाठीचा राहण्याचा परवाना), पीआर (कायम राहायची परवानगी), नागरिकत्व, नोकरकपात यांवर धागे भरपूर झालेत, त्यांत भर नको. इथे फक्त रोजची किरकिर लिहायची. ज्या गोष्टी घरी फोनवर सांगितल्या की आई म्हणते, "एवढंच ना? मग रडतेस कशाला?" तसल्या.

माझ्यापासून सुरुवात. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो आणि माझं सगळं भांडण टपालपेटीशी आहे. बँक, विमा, वीज, नगरपालिका, डॉक्टरचं बिल, जे काही येतं ते कागदावर छापून पाकिटातून येतं. आणि पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो! पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, ते नसेल तर पत्र आल्या पावली परत. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही, पेटीवर नाव फक्त नवऱ्याचं. घरमालक म्हणाला, पाटी मागवतो. तोवर मी कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावलं, तर दुसऱ्या दिवशी ते कोणीतरी नीट सोलून, घडी घालून आमच्याच पेटीत टाकलेलं. का, तर इमारतीच्या पाट्या सगळ्या एकसारख्या हव्यात. मधल्या काळात बँकेचं कार्ड कसंबसं पोचलं, पण पिनचं पाकीट मुद्दाम वेगळ्या दिवशी पाठवतात, ते परत गेलं. बसा मग कार्डाकडे बघत.

नेकारकाठचा
+१. त्याच्या आधीचं चक्र विसरलात काय?

घर हवं तर शुफाचा दाखला द्या. शुफा म्हणजे १९२७ पासून लोकांच्या उधाऱ्या-फेडीची नोंद ठेवणारी कंपनी. गेल्या आठवड्यात विमानातून उतरलेल्या माणसाची नोंद तिथे काय असणार, कपाळ? बँकेत जा, तर आन्मेल्डुंगचा कागद मागतात, म्हणजे पत्त्याची नोंदणी. नोंदणीला जा, तर घरमालकाच्या सहीचं पत्र हवं (हे २०१५ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं). म्हणजे पुन्हा घर. कायदा म्हणतो, राहायला आल्यापासून २ आठवड्यांत नोंदणी करा. आणि नोंदणीची वेळ मागितली की पोर्टल दाखवतं दीड महिन्यानंतरची तारीख. यावर खिडकीतल्या बाईंना विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "हो, सगळ्यांचं असंच होतं."

नोंदणी झाली की ११ आकडी करक्रमांक येणार, तोही पोस्टानेच. तो कंपनीकडे वेळेत पोचला नाही तर पगारावर वर्ग ६ चा कर लागू शकतो, म्हणजे सगळ्यात जास्त. नंतर परत मिळतो, पण पहिल्या पगारात फ्लॅटचं डिपॉझिट भरायचं असतं तेव्हा ते "नंतर" काय कामाचं?

खडूस_पुणेकर
पुण्यात १ ते ४ दुकानं बंद म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्ले. इथे रविवारी अख्खा देश बंद, आणि त्याला संस्कृती म्हणतात!

हिंजवडी_रिटर्न
@खडूस, दंडवत घ्या.

बर्लिनची_मावशी
खडूसराव, ती नुसती सवय नाही, थेट राज्यघटनेत आहे. रविवारची विश्रांती १९१९ च्या जुन्या जर्मन, म्हणजे वायमार घटनेतल्या कलम १३९ मध्ये होती. १९४९ च्या घटनेने ते कलम १४० मधून जसंच्या तसं उचललं. त्यामुळे कुठल्याही सरकारला दुकानं सरसकट उघडता येत नाहीत. स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची दुकानं तेवढी सुटली आहेत.

बाकी तुम्ही लोक सुखात आहात हो. मी आले तेव्हा एरवीसुद्धा साडेसहाला शटर खाली आणि शनिवारी दुपारी दोनला. ऑफिसातून धावत सुटायचं, ब्रेड घ्यायचा, की संपला दिवस. आठपर्यंतची मुभा १९९६ मध्ये मिळाली, तेव्हा आम्ही मैत्रिणींनी साडेसातला मुद्दाम जाऊन एक-एक कोबी आणला होता. गरज नव्हती, तरी.

मोहरी_जिरं
मावशी, कोबीला सलाम. पण ईस्टरचं काय? शुक्रवार बंद, शनिवार उघडा, रविवार-सोमवार बंद. त्या शनिवारी दुकानातली गर्दी बघितली की वाटतं युद्ध जाहीर झालंय.

फोडणीवाला
माझी किरकिर: छतावरचा धूरसूचक. घरोघरी सक्तीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही, जीव वाचतात. पण आमचं स्वयंपाकघर म्हणजे बैठकीच्या खोलीचाच एक कोपरा, आणि ते पांढरं बिस्किट बरोबर शेगडीच्या तिरक्या रेषेत. भाजणीच्या थालीपिठाला चालतं, माशाला चालतं. लसूण आणि सुकी मिरची तेलात पडली की ठणाणा. मग नवरा खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालणार, मी खिडक्या उघडणार, बाहेर उणे चार. फोडणी करपलेली ती करपलेलीच.

घरमालकाने वर करारात खिडक्या उघडायचं कलम टाकलंय: दिवसातून इतक्यांदा, पूर्ण उघडून, इतकी मिनिटं. नाही उघडल्या आणि भिंतीला बुरशी आली तर खर्च आमच्या माथी.

नेकारकाठचा
हँडल "फोडणीवाला" आणि खुर्चीवर नवरा?

फोडणीवाला
खातं नवऱ्याचं आहे. तो टॉवेल घेऊन उभा आहे, म्हणून मी लिहितेय.

हिंजवडी_रिटर्न
:-D

माझ्याकडून दाराचं. इथल्या फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता अचल गोळा. वाऱ्याने दार लागलं की तुम्ही बाहेर, किल्ली आत. कचरा टाकायला जाताना, दूधवाल्याकडे... असो, दूधवाला नाहीच इथे. कुलूपवाल्याला रात्री-रविवारी बोलवायची वेळ आली तर आधी फोनवर एकूण रक्कम ठरवून घ्या, काही जण दारात आल्यावर वाट्टेल तो आकडा सांगतात. आणि किल्ली हरवू नका. बऱ्याच इमारतींत एकच किल्ली मुख्य दाराला, तळघराला आणि फ्लॅटला चालते, त्यामुळे एक हरवली की सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च मागू शकतात. म्हणून तो हाफ्टप्फ्लिष्ट नावाचा दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) काढून ठेवा आणि त्यात किल्लीचा समावेश आहे का ते बघा. नवीन आलेल्यांना मी पोळपाट-लाटण्याच्या आधी हे सांगतो.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. डॉक्टर! ताप आला म्हणून फोन केला तर ध्वनिमुद्रित आवाज: आम्ही नवीन रुग्ण घेत नाही. दुसरीकडे: फोन सकाळी आठ ते दहाच उचलतो. शेवटी एकाने बघितलं आणि सांगितलं, चहा प्या, झोपा. साधी क्रोसिनसारखी गोळीही किराणा दुकानात मिळत नाही, औषधाच्या दुकानातच जायचं, आणि ते रविवारी त्या भागात पाळीवर असलेलं एखादंच उघडं.

बर्लिनची_मावशी
@वाचनमात्र, ११६११७ हा नंबर फोनमध्ये ठेव गं. दवाखाना बंद असताना आणि जिवावरचं नसताना तो. डॉक्टरची वेळ मिळवून द्यायलाही मदत करतात. जिवावरचं असेल तर ११२. आणि चहाचं म्हणशील तर आपल्याकडे पाच रंगांच्या गोळ्या देतात त्यापेक्षा बरं.

वाचनमात्र
आभार मावशी. (चहाबद्दल असहमत.)

अण्णा_नाशिककर
नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. मुलगा-सून तिकडे आहेत, आम्ही उभयता उन्हाळ्यात जातो. तुमच्या धाग्यात आम्हा पाहुण्यांची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे पाहुण्यांना राहता येणारे ९० दिवस. १८० दिवसांत ९० हा हिशेब सगळ्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांचा) मिळून एकच, हे मला आमच्या ट्रॅव्हलवाल्यापेक्षा नातवाने नीट समजावलं. रोज मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात आपण किती दिवस आत होतो ते बघायचं. पूर्ण तीन महिने राहून आलं की पुढचे तीन महिने घरी. म्हणजे मे-जून-जुलैत ९० दिवस राहिलो तर नोव्हेंबरातल्या दिवाळीला पुन्हा जाता येईल, गणपतीला नाही. परगावच्या नोकरीत रजेचा हिशेब करावा तसा करतो आम्ही.

दुसरं, शांतता. सकाळी आठ वाजता मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. मग आम्ही दोघं आणि ते घर. गॅलरीत उभं राहिलं तर रस्त्यावर माणूस नाही. समोरच्या आजी रोज दहाला बाहेर पडतात, मी "गूटन मॉर्गन" म्हणतो, त्याही म्हणतात, संपलं. नाशिकला सकाळी दूध आणायला गेलो तर परत यायला पाऊण तास लागतो. इथे बोलायला मिळतं ते व्हिडिओ कॉलवर, तेही साडेतीन तासांचा फरक धरून.

तिसरं अवघड आहे, पण लिहितो. आमच्या वयात बाहेर पडलं की स्वच्छतागृह लागतं. इथे ते स्टेशनवर असो वा महामार्गावर, बहुतेक ठिकाणी पैसे टाकल्याशिवाय दार फिरत नाही. सौ.च्या पर्समध्ये सुट्या नाण्यांचं वेगळं पाकीट आहे. घरातून निघताना किल्ली, चष्मा, नाणी असं विचारून घेते. हॉटेलात पाणीही विकत. साधं मागितलं तर बुडबुड्यांचं येतं. हिला ते सोसत नाही, मग ती ग्लासात चमचा ढवळत बसते गॅस जाईपर्यंत.

चौथं, औषधं. तीन महिन्यांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीसह नेतो. प्रवासविमा ३०,००० युरोंचा सक्तीचा आहे, पण आमच्यासारख्यांचे पॉलिसी-कागद बारकाईने वाचले तर जुने आजार बहुधा वगळलेले असतात. म्हणजे ज्यासाठी दवाखान्यात जावं लागेल तेच नेमकं बाहेर. मुलाला हे बोलत नाही, तो काळजी करतो.

एक गोष्ट मात्र मजेची. रिकाम्या बाटल्यांचं खातं माझ्याकडे आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. यंत्रात बाटली घातली की ते ती फिरवून बघतं, पसंत पडली तर गिळतं, नाहीतर परत ढकलतं. चेपलेली चालत नाही, छापा फाटलेला चालत नाही. त्या पावतीवर मी नातवाला आइसक्रीम आणतो.

मोहरी_जिरं
अण्णा, माझे बाबा हेच सगळं सोसत असणार आणि आम्हाला सांगत नसणार. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

खडूस_पुणेकर
काका, लाल सिग्नलला थांबताय ना?

अण्णा_नाशिककर
थांबतो बाबा. एकदा रात्री अकराला रस्ता रिकामा बघून पाऊल टाकलं, तर मागून एक बाई, "मुलं बघतात!" आसपास एकही मूल नव्हतं.

मधलंनाव
सगळ्यांच्या किरकिरी वाचल्या, आता माझी ऐका, कारण ती मराठी माणसाची खास आहे.

आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. इथे दोन्ही तुमचीच पहिली नावं धरतात. त्यामुळे विम्याच्या कार्डावर मी "अमुक वसंत", आणि दवाखान्यात पुकारतात "श्रीमती वसंत". वसंत माझे वडील. ते नाशिकला नाही, पण साताऱ्याला बसलेत. बँकेने मधलं नाव गाळलं, करकार्यालयाने ठेवलं, वीजवाल्याने आडनाव गाळून वसंतच आडनाव केलं. पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवलं की चिठ्ठीवर नाव तिसरंच.

हे हसण्यावारी नेता येतं, पण मूल झालं की हसू थांबतं. जन्मनोंदणीला आई-वडिलांचे दाखले लागतात. आम्ही महाराष्ट्रातून विवाह-दाखला, जन्मदाखले काढले, अपोस्टिलही (कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) करून घेतलं. इथे कळलं की जर्मनी भारताचा अपोस्टिल मानत नाही. भारत २००५ साली अपोस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली आणि ती उठवलेली नाही. पर्याय काय, तर दाखल्यांची भारतात प्रत्यक्ष पडताळणी. इथल्या कार्यालयामार्फत कागद भारतातल्या जर्मन वकिलातीकडे जातात, तिथून नेमलेला वकील गावी जाऊन रजिस्टर बघतो. महिनोन्महिने जातात आणि फी आपल्याच खिशातून. त्यात नवऱ्याच्या जुन्या जन्मदाखल्यावर नुसतं "पुरुष" आहे, नाव नाहीच! त्या काळी बारशाच्या आधी नोंद करून मोकळे व्हायचे, नाव घालायला परत कोण जाणार?

हिंजवडी_रिटर्न
माझ्या दाखल्यावरही "पुरुष"च होतं. इकडे यायचा विचार असलेल्यांनी कृपया आधी भारतात नाव चढवून घ्या. ग्रामपंचायत, नगरपालिका जिथे नोंद असेल तिथे शाळेच्या दाखल्यावर होतं. इथे आल्यावर ते काम भावाच्या गळ्यात पडतं आणि भाऊ फोन उचलायचा बंद होतो.

जमिनीवर_या
कोण बोलावलं होतं तुम्हाला? पगार युरोत, तक्रारी मराठीत. एवढा त्रास असेल तर या परत. इथे खड्डे, पाणीकपात आणि भोंगे वाट बघतायत.

खडूस_पुणेकर
तक्रारी जर्मनमध्ये करायच्या तर व्याकरण नीट लागतं हो.

चाकणकर
@जमिनीवर_या, मी उलट्या बाजूने सांगतो. चाकणच्या कारखान्यात काम करतो, दोन-तीन वर्षांसाठी आलेले जर्मन सहकारी माझ्या आजूबाजूला असतात. त्यांची किरकिर ऐका.

१८० दिवसांपेक्षा जास्तीच्या व्हिसावर आला की साधारणपणे १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी. घरमालकाने त्याच्या राहण्याची माहिती सरकारी फॉर्ममध्ये (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत भरायची. निम्म्या घरमालकांना हा फॉर्म ठाऊक नसतो, ज्यांना ठाऊक असतो ते म्हणतात, परदेशी भाडेकरू नको बाबा. झालं की नाही तेच चक्र? भाजीवालीकडे यूपीआय, रिक्षाला यूपीआय, आणि याच्याकडे अजून भारतीय नंबर नाही. ओटीपी येतो कुठे, तर बंद पडलेल्या सिमवर.

पण त्यातल्या एकाला सगळ्यात जास्त कशाने छळलं सांगू? पार्सलवाल्याच्या फोनने. पत्ता पूर्ण लिहिलाय, नकाशावर टाचणी आहे, तरी पोरगा खालून फोन करणार, "सर, कुठं यायचं?" याला मराठी नाही, हिंदी नाही. तो वॉचमनच्या हातात फोन द्यायला चार मजले उतरतो. मला म्हणाला, आमच्याकडे कोणी कुणाला फोन करत नाही, इथे कोणी पत्ता वाचत नाही. प्लंबर "आलोच" म्हणाला की तो घड्याळ लावून दाराशी बसायचा, ते सोडवायला मला वर्ष लागलं.

मोहरी_जिरं
"आलोच" :-D त्याला आमच्या घरमालकाच्या पाटीची गोष्ट सांगा.

नेकारकाठचा
रेल्वेचं कोणीच काढलं नाही, आश्चर्य. गाडी ६ मिनिटांच्या आत आली तर ती वेळेवर धरतात. एवढी सूट देऊनही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या साधारण ६२.५ टक्केच गाड्या वेळेवर होत्या. ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि १२० झाला तर ५० टक्के परत मागता येतात, मागत जा. गाड्यांचा त्रास एवढाच की घोषणा नेहमी ऐन वेळी होते: "आज डब्यांचा क्रम उलटा आहे." मग अख्खा फलाट सामानासकट इकडून तिकडे पळतो. दादरला हे कौशल्य शिकलो होतो, इथे उपयोगी पडतं.

दोन_मुलांची_आई
शाळा. गावी तिकिटं स्वस्त कधी, तर सुट्टी लागायच्या तीन दिवस आधी. पण शाळा सक्तीची, परवानगीशिवाय एक दिवस आधी काढलं तरी दंड होऊ शकतो. बव्हेरियात २०१८ साली मेमिंगेन विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधी निघालेल्या कुटुंबांना गाठलं होतं, ती बातमी आठवत असेल. आम्ही सुट्टीच्या पहिल्या दिवशी दुप्पट भाड्याने जातो. दिवाळी तर कधीच सापडत नाही. मुलांना विचारलं तर त्यांची दिवाळी म्हणजे कुठल्यातरी हॉलमध्ये सोयीच्या शनिवारी, भाड्याच्या वेळेत आकाशकंदील काढून घेणं. यावर मला चिडताही येत नाही, कारण ते त्यात खूश आहेत.

बर्लिनची_मावशी
असू दे गं. माझा मुलगा तिशीचा झाला, करंजी करायला तोच बसतो. आणि रेडिओ-टीव्हीची फी राहिली की! टीव्ही असो-नसो, दर घराला महिना १८.३६ युरो, २०१३ पासून घरटी. नवीन नोंदणी झाली की महिन्या-दोन महिन्यांत पत्र येतंच. दुर्लक्ष करू नका, मागची थकबाकीसुद्धा मागतात. एका घरात चौघं राहत असाल तर एकानेच भरायची, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. मुलं वेगवेगळी भरत बसतात, म्हणून सांगितलं.

वाचनमात्र
अरे देवा, आम्ही तिघी भरतोय!

बर्लिनची_मावशी
आजच पत्र लिही. हो, पत्रच. ऑनलाइन फॉर्म आहे, पण त्याचं उत्तर पोस्टानेच येईल.

अण्णा_नाशिककर
जाणकारांना एक विचारायचं होतं. येत्या खेपेला काय नेता येईल? मागच्या वेळी शेजाऱ्यांची हापूसची पेटी विमानतळावर अडवली म्हणे.

दोन_मुलांची_आई
काका, आंबा रोपआरोग्य प्रमाणपत्राशिवाय येत नाही. इथे मिळतो, महाग मिळतो, पण मिळतो. दुधाचं काहीही नाही: पेढे, खवा, पनीर, तूप, सगळं बंद. मांस-मटणाचंही तेच. गोडा मसाला, मेतकूट, पापड, पोहे खुशाल आणा. लोणचं चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्या आणि वर टेप.

अण्णा_नाशिककर
तूपही नाही? सौ. नाराज झाली. मग तिथेच कढवू. लोणी बिनमिठाचं मिळतं ना?

दोन_मुलांची_आई
मिळतं, अडीचशे ग्रॅमचं पाकीट असतं. सूनबाईंना सांगा चार आणून ठेवायला. गोड सायीचं आणि आंबट सायीचं असे दोन प्रकार असतात. आपल्या चवीला आंबट सायीचं घ्या.